नाकवाली शेड

आमच्या घरामागे जी शेड आहे ती मी बांधली. असं म्हटलं की लोक माझं वाक्य दुरुस्त करतात. "म्हणजे, बांधून घेतली," म्हणतात. नाहीतर सरळ माझ्या नवऱ्याकडे वळून विचारतात, "कुणाकडून करून घेतली हो?" तेव्हा मी पुन्हा एकदा सांगते, जरा मोठ्यानं. मी बांधली. नकाशा माझा, माप माझं, चूक माझी आणि चुकीवरचा उपायही माझाच. विटा मिस्त्रींनी रचल्या हे कबूल. पण भाकरी तव्यानं केली असं कुणी म्हणत नाही.

शेड काही फार मोठी नाही. आतून अकरा फूट लांब, आठ फूट रुंद. कमरेपर्यंत विटांची भिंत, वर लोखंडी अँगल आणि पत्रा, दार पूर्वेला. गंगापूर रोडच्या बाजूला आता लोक नुसती गाडी उभी करायला याच्या दुप्पट शेड बांधतात. पण त्यांतल्या एकीलाही नाक नाही. आमच्या शेडला आहे. उत्तरेकडच्या आखूड बाजूला, डोक्याच्या उंचीवर, पत्र्याची एक फूटभर लांब पेटी बाहेर आलेली आहे. येणारा-जाणारा ती बघतो आणि हे काय म्हणून विचारतो. विचारलं की मी चहा ठेवते, कारण उत्तर मोठं आहे.

माझं माहेर इगतपुरीचं. वडील रेल्वेत सुतार होते. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलीला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत: पाऊस काय चीज आहे ते, आणि प्रत्येक वस्तू आपापल्या जागीच ठेवायची असते ते. बारावीनंतर मी हट्टानं नाशिकच्या आयटीआयमध्ये सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स घेतला. इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण. वर्गात आम्ही मुली तिघीच. वडिलांनी स्वतःच्या हातानं मला सागवानी टी-स्क्वेअर करून दिली. एक लांब पट्टी आणि तिच्या टोकाला आडवं डोकं. ते डोकं बोर्डाच्या कडेला टेकवून पट्टी खाली सरकवत गेलं की रेघा कशा अगदी बरोबरीनं चालतात. दोन वर्षं ती खांद्याला अडकवून मी पॅसेंजरनं ये-जा केली. एका आजोबांना ती टोचली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, तलवार घेऊन कुठं निघालीस?" मी त्यांची माफी मागितली, पण ती तलवार मला मनातून फार आवडली होती.

कोर्स पहिल्या वर्गात पास झाले आणि सहा महिन्यांत लग्न झालं. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. गंगापूर रोडला तेव्हा मळे होते, आणि त्यांतल्याच एका मळ्यात माझं सासर होतं. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात दोघंच: सातपूरच्या एका कंपनीत नोकरी करणारा नवरा आणि मळा बघणारे सासरे. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही आप्पाच म्हणू लागले. उंच, हाडकुळे आणि बोलण्यात भारी कंजूष. हात मात्र गुडघ्याला लागतील इतके लांब. ते हात लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच मला गोत्यात आणलं.

आप्पा माणसांपेक्षा अवजारांशी जास्त बोलत असावेत. खणायचं काम असलं की आदल्या दिवशी कुदळ, फावडं, कुऱ्हाड, सगळं हौदात बुडवून ठेवायचे. लाकडी दांडा रात्रभर पाणी पिऊन फुगतो आणि सैल झालेलं पातं घट्ट बसतं. मला सुरुवातीला वाटलं, हा माणूस लोखंड पाण्यात का कुजवतोय? एकदा विचारलं तर म्हणाले, "तहान लागती त्याला बी." एवढंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. आमच्याकडे ती भल्या सकाळी उरकायची, कारण नंतर झेंडूच्या बाजाराची धांदल. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला आप्पांनी ओसरीवर पाट मांडले. कुदळ, टिकाव, खुरपी, विळे, फवारणीचा पंप. नवऱ्यानं कंपनीतले पाने आणून ठेवले. मग आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तुझी इळी आन."

मी स्वयंपाकघरातली विळी आणली. तिला हळद-कुंकू लागलं, झेंडूचं फूल लागलं. विळीशी माझं काही वैर नाही, रोज तिच्यावरच भाजी चिरत होते. पण त्या दिवशी आत जाऊन मी रडले. माझी टी-स्क्वेअर खोलीतल्या कपाटामागे उभी होती, कोळ्याच्या जाळ्यांत. ती आणते असं म्हणायला तोंड उघडलं नाही. नवी सून, त्यात वस्तू माहेरची. शिकल्याचं मिरवते असं कुणी म्हणेल, ही भीती. त्यानंतर दर खंडेनवमीला मी मुकाट्यानं विळी ठेवत आले, आणि दर वर्षी माझं लक्ष त्या कपाटाकडे जात राहिलं.

नव्वदचं दशक सरत आलं तसे आजूबाजूचे मळे एकेक करून प्लॉट झाले. आमचाही विकला गेला. घरापुरता एक तुकडा ठेवला आणि त्यावर बंगला बांधायचं ठरलं. नकाशा बाहेरच्या माणसानं काढला. तो टेबलावर पसरलेला असताना मी म्हटलं, "जिन्याच्या वळणावर डोकं लागेल." नवरा म्हणाला, "अगं, ते बघतील ना, त्यांचं कामच आहे ते." त्यांनी बघितलं नाही. बंगला झाला आणि पहिल्याच दिवशी आप्पांचं डोकं दाणकन त्या वळणावर आपटलं. मग रोजच आपटायला लागलं. आवाज आला की मी नवऱ्याकडे नुसती बघायची. बोलायची गरजच नव्हती.

आप्पांची अवजारं मात्र जुन्या विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीतच राहिली होती. ती जागा आता नव्या मालकाची. त्याचा निरोप आला की पावसाआधी खोली पाडायची आहे, सामान उचला. नवरा म्हणाला, "आता कुठे शेती करायचीय? भंगारात देऊन टाकू." दुसऱ्या दिवशी आप्पा सायकल घेऊन गेले आणि एक कुदळ घेऊन आले. ती नव्या बंगल्याच्या पोर्चमध्ये भिंतीला टेकवून ठेवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी टिकाव. मग कोयता, मग पंप, मग जू. रोज एक नग. आठवड्याभरात आमच्या पोर्चचं हार्डवेअरचं दुकान झालं आणि नव्या पांढऱ्या रंगावर गंजाचे ओघळ उतरले.

नवरा चिडला. बापाला बोलता येईना, म्हणून मला ऐकवू लागला. "आता नांगर पण आणतील बघ. तो काय हॉलमध्ये ठेवायचा? उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

आप्पा ओट्यावर बसून होते. त्यांनी ऐकलं. खाली मान घालून पंपाची नळी पुसत राहिले, पुसून झालेलीच नळी पुन्हा पुसत राहिले. मला ते बघवेना.

"मी शेड बांधते," मी म्हटलं.

"तू?"

"मग काय सर्टिफिकेट मी लोणच्याच्या बरणीवर झाकायला मिळवलंय?"

नवरा हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "किती दिसात व्हईल?"

"पावसाच्या आत," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण कागदाबाहेर मी आजवर एक कोनाडासुद्धा बांधला नव्हता. ही शेड फसली असती तर आप्पांची अवजारं भंगारात गेली असती, आणि माझं शिक्षणही त्यांच्याबरोबर गेलं असतं. पुन्हा कधी कुणी ऐकलं नसतं माझं.

दुपारी मी कपाट ओढून टी-स्क्वेअर बाहेर काढली; नव्या बंगल्यातही ती त्याच कपाटामागे येऊन उभी राहिली होती. दुसऱ्या एका मोडक्या कपाटाचं दार जेवणाच्या टेबलावर टाकून त्याचा बोर्ड केला. इतक्या वर्षांत टी-स्क्वेअरचे स्क्रू ढिले होऊन डोकं खुळखुळत होतं. दर चार रेघांनी सुरीच्या टोकानं स्क्रू आवळायची आणि पुढची रेघ ओढायची. आप्पा समोरच्या खुर्चीत येऊन बसले. बघत राहिले. तासाभरानं म्हणाले, "डोकं हालतंय त्याचं."

"हो आप्पा, सैल झालंय."

ते मान डोलवून उठून गेले. मला वाटलं कंटाळले.

प्रत्येक अवजाराचं माप घेऊन मी जागा ठरवली. लहान हत्यारं पश्चिमेच्या भिंतीवर खिळ्यांना, त्यांच्यावर नांगराचं इसाड. इसाड म्हणजे नांगरापासून बैलांच्या जुवापर्यंत जाणारं लांब लाकूड. आप्पांच्या वडिलांनी बाभळीचं करवून घेतलेलं, आणि बाकी सगळ्यापेक्षा आप्पांचा जीव त्यात. ते अजून मोटारीच्या खोलीत तळाशी होतं. मी विचारलं, "आप्पा, इसाड केवढं असेल?"

"सात हात."

एक हात म्हणजे दीड फूट, हे शाळेपासून पाठ. साडेदहा फूट. मी आतली लांबी अकरा धरली आणि सहा इंच मोकळे राहतील म्हणून खूश झाले. खरं तर टेप घेऊन जायला पाच मिनिटं लागली असती. पण सासऱ्यांनी तोंडानं सांगितलेलं माप पुन्हा टेपनं मोजायचं म्हणजे त्यांना खोटं पाडल्यासारखं. बाकी सगळ्या बाबतीत जीभ चालवणारी मी, इथे मात्र नको तेवढी सून झाले.

मिस्त्री नांदगावकडचे होते. माझा नकाशा त्यांनी आधी उलटा धरला, मग सुलटा केला, मग घडी घालून खिशात ठेवला. "ताई, चार खांब आन वर पत्रा. एवढ्याला नकाशा कशाला लागतोय?"

"लागतोय. तो खिशातून काढा आणि तिथे वीट ठेवून जमिनीवर पसरा."

पहिलं भांडण पत्र्याच्या उतारावरून झालं. मी मागच्या बाजूला चांगला दीड फूट उतार दाखवला होता. मिस्त्री म्हणाले, नाशकाला एवढ्या उताराची गरज नाही, सहा इंच लय झाले. मी म्हटलं, "मिस्त्री, मी इगतपुरीची आहे. पावसाचं मला सांगू नका." त्यावर त्यांनी कान पकडले. इगतपुरीचा पाऊस त्यांनाही माहीत होता. त्यानंतर ते मला "विंजनेर ताई" म्हणू लागले. आधी चेष्टेनं, पुढे पुढे सवयीनं.

मोटारीची खोली पाडली तिच्या विटा आप्पांनी मागून आणल्या. खालची भिंत त्याच विटांची आहे. एकेक वीट ते स्वतः खरडून, जुना चुना काढून मिस्त्रींच्या हातात देत होते. दार आणि फळ्या कंपन्यांच्या पॅकिंगच्या लाकडाच्या. परदेशी मशीन ज्या खोक्यांत येतात त्या खोक्यांची ती लाकडं नवऱ्यानं सातपूरहून टेम्पोत टाकून आणली. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर तो म्हणेल माझं नावच घेतलं नाही. दारावर अजून एक छत्री, एक काचेचा पेला आणि एक बाण छापलेला आहे. बाण वर पाहिजे, मिस्त्रींनी फळी उलटी ठोकल्यामुळे तो खाली गेला आणि छत्रीही उलटी झाली. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. छत्री हाय ना, मग पानी येनार नाय."

अवजारांच्या भिंतीची कल्पना मात्र माझी आणि वडिलांची. रेल्वेच्या सुतारखात्यात प्रत्येक हत्याराची आकृती फळीवर रंगवलेली असे. करवत कुणी नेली की तिची रिकामी आकृती लगेच दिसे. मी पत्र्याला आतून फळ्या ठोकल्या, प्रत्येक अवजार टेकवून कोळशानं कडा काढली आणि त्यावर काळा ऑइलपेंट फिरवला. कुदळीची जागा, टिकावाची जागा, सहा खुरप्यांच्या सहा जागा. आप्पा वाचायला फारसे शिकले नव्हते, पण ही भिंत त्यांनी एका नजरेत वाचली. एकेक आकृतीवर बोट ठेवून अवजाराचं नाव घेत गेले. मग मला म्हणाले, "हे बेस केलं." आप्पांकडून दोन शब्दांपेक्षा जास्त मिळाले म्हणजे काय ते आमच्या घरी विचारा.

आणि मग इसाड आलं.

खोली पाडल्यापासून ते विहिरीच्या काठावर पडून होतं, तिथून हातगाडीवरून आलं. मिस्त्री आणि नवरा दोघांनी उचलून दारातून तिरकं आत नेलं. भिंतीशी सरळ करायला गेले तर टोक पत्र्यावर ठण्णकन वाजलं. पुन्हा मागे घेतलं, पुन्हा ठण्ण. मी टेप आणली. अकरा फूट आठ इंच.

मी आप्पांना म्हटलं, "तुम्ही तर सात हात म्हणाला होता."

"सातच हाय," म्हणाले, आणि वाकून इसाडावर आपला हात टाकत गेले. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. एक, दोन, तीन. बरोबर सात भरले. मी त्यांच्या हाताला टेप लावली. वीस इंच. पुस्तकातला हात अठरा इंचांचा, आप्पांचा वीस. सात वेळा दोन इंच सुटले होते. वर धरलेले सहा इंच वजा केले तरी आठ इंच कमी.

मिस्त्रींना तोंडाला पदर लावता आला असता तर त्यांनी तो लावला असता, इतके ते हसू दाबत होते. नवरा म्हणाला, "त्यात काय, आठ इंच कापून टाकू. आता कोण बैल जुंपणार आहे त्याला?"

कुणी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "काप. पोरीची भिंत नको तोडू." आणि भिंतीवरची करवत काढायला हात वर केला.

ते "पोरीची भिंत" ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःचा असा राग आला की बस. ज्या लाकडाला ऐंशी पावसाळ्यांनी काही केलं नाही ते माझ्या आठ इंचांसाठी कापायचं? मी करवत आप्पांच्या हातातून काढून घेतली. सासऱ्यांच्या हातातून वस्तू हिसकावायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. "चूक नकाशाची आहे," मी म्हटलं, "इसाडाची नाही. मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

सकाळी मी मिस्त्रींना कागद दिला. उत्तरेच्या पत्र्याला चौकोनी भोक, त्याला बाहेरून फूटभर लांबीची पेटी, पेटीच्या माथ्यालाही उतार, आणि जोडावर पत्र्याची पट्टी दुमडून बसवलेली, म्हणजे पाणी आत यायला वाटच नको. मिस्त्रींनी या वेळी कागद सुलटा धरला. बराच वेळ बघितला. "विंजनेर ताई," म्हणाले, "शेडीला नाक फुटलं की हो."

दुपारी इसाड भिंतीवर चढलं. टोक पेटीत गेलं, पुढे चार इंच जागा उरली. आप्पांनी बाहेर जाऊन त्या पेटीवर हात ठेवला, आत येऊन इसाडावर ठेवला, पुन्हा बाहेर गेले. असं दोन-तीनदा झालं. संध्याकाळी कॉलनीतले लोक येऊन बघून गेले. कुणी म्हणालं पोस्टाची पेटी, कुणी म्हणालं कुत्र्याचं घर. मला राग यायला हवा होता, पण मी इतक्या गर्वात होते की सगळ्यांना आत नेऊन भिंत दाखवली. पावसाळा आला. सगळ्या कॉलनीतल्या नव्या स्लॅब इकडून तिकडून पाझरल्या, आमच्याही बंगल्याची पाझरली. शेडमध्ये एक थेंब आला नाही. नाकातूनसुद्धा नाही. पावसाळाभर आप्पा रोज सकाळी दार उघडून आत खुर्ची टाकून बसायचे आणि मला हाक मारून सांगायचे, "कोरडं हाय." भाजीला फोडणी देता देता मी ओरडायची, "माहीत आहे!"

मग खंडेनवमी आली. आता मळा नव्हता, झेंडूची घाई नव्हती. या वेळी पूजा शेडमध्येच करायची असं आप्पांनी ठरवलं. मी आंघोळ करून, विळी घासून, ताट घेऊन गेले. आप्पांनी पाट मांडले होते. सगळी हत्यारं भिंतीवरून उतरून पाटावर आली होती, आदल्या दिवशी हौदात भिजवलेली, सकाळी उन्हात पुसलेली. मी विळी ठेवली आणि आरतीचं निरांजन पेटवायला बसले.

"इळी आली," आप्पा म्हणाले. "आन दुसरं?"

मला कळलं नाही. "दुसरं काय?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. कुदळीच्या शेजारच्या रिकाम्या फळीवर कोळशानं एक नवी आकृती काढलेली होती. म्हाताऱ्या हाताची रेघ, जागोजागी सुटलेली आणि मध्येच वाकडी गेलेली. एक लांब पट्टी, वर आडवं डोकं. आणि पाटावर, कुदळ आणि जू यांच्या मध्ये, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. आप्पांनी फडकं बाजूला केलं. वडिलांनी दिलेली माझी टी-स्क्वेअर.

"डोकं हालत व्हतं ना," आप्पा म्हणाले. "मी हौदात टाकली व्हती रातभर. आता बग, कसं घट्ट बसलंय."

खरंच घट्ट बसलं होतं. मी डोकं हलवून बघितलं, जराही हललं नाही. आप्पांनी आधी तिला कुंकू लावलं, मग कुदळीला. नवरा बघत होता. मी निरांजन लावायचं विसरून तशीच बसून होते आणि या वेळी आत जाऊन रडले नाही, तिथेच, सगळ्यांच्या समोर रडले.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या बंगल्यातल्या बाई आल्या. त्यांना आमच्यासारखीच शेड हवी होती, नाक नको म्हणाल्या. माझं पहिलं बाहेरचं काम. मी कपाटाचं दार टेबलावर टाकलं, कागद चिकटवला, टी-स्क्वेअर लावली आणि रेघ ओढली. रेघ मध्ये पोट काढून गेली. पट्टी डोळ्यांसमोर धरून बघितली. रात्रभर पाणी पिऊन आणि मग सकाळच्या उन्हात वाळून ती धनुष्यासारखी वाकली होती. आता तिच्यानं जन्मात सरळ रेघ आली नसती.

आप्पा समोरच्या खुर्चीत होते. "चालती का?" त्यांनी विचारलं.

"एकदम मस्त चालते, आप्पा," मी म्हटलं. आणि उरलेला नकाशा फूटपट्टीनं, एक-एक इंच मोजत पुरा केला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून गुपचूप नवी टी-स्क्वेअर आणली. ती आजही माझ्या टेबलावर असते. तिच्यावर मी पुढे कितीतरी शेड काढल्या, कंपाउंडच्या भिंती काढल्या, जिने काढले. माझ्या एकाही जिन्यात कुणाचं डोकं आपटलेलं नाही. एका इंजिनिअरांच्या ऑफिसात बरीच वर्षं नोकरीही केली. आप्पांना ती नवी पट्टी कधी दिसली नसेल असं नाही, पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आप्पांना जाऊन आता काही वर्षं झाली. कुदळ, टिकाव, खुरपी अजून आपापल्या आकृत्यांवर आहेत, इसाडाचं टोक अजून नाकात आहे. माझी वाकडी टी-स्क्वेअर आप्पांनी काढलेल्या वाकड्या आकृतीवर टांगलेली आहे, आणि दोन्ही एकमेकींना बरोबर जुळतात. दर खंडेनवमीला मी पहिलं कुंकू तिला लावते. भिजवत मात्र नाही.